ओझ्याचा इतिहास आणि बिनचालकाची गाडी

मागच्या वर्षी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांबरोबर मला चाकणच्या बाजूला एका मोठ्या गोदामात जावे लागले. वास्तविक मी इतिहासाचा मास्तर. औद्योगिक भेटींशी माझा संबंध नाही. पण ज्या सहकाऱ्याने जायचे त्याच्या घरी आजारपण निघाले आणि प्राचार्यांनी माझे नाव घातले. तेथे मी ती गाडी प्रथम पाहिली. गुडघ्याएवढी उंच, मागे मालाचा गाडा जोडलेला, वर माणूस नाही. जमिनीला चिकटवलेल्या एका काळ्या पट्टीवरून ती सरळ येत होती. मी बोलण्याच्या नादात पट्टीवरच उभा होतो. माझ्यापासून तीन-चार हातांवर ती थांबली, तिचा दिवा लुकलुकला आणि मी बाजूला होईपर्यंत ती हलली नाही. माहिती देणारा अभियंता म्हणाला, "घाबरू नका सर, ती माणूस बघून थांबते." मुले हसली. मला हसू आले नाही. माझ्या वडिलांनी पुण्यात पस्तीस वर्षे पोती वाहिली. त्यांना पाहून कोणी थांबले, असे त्यांच्या बोलण्यात मी कधी ऐकलेले नाही.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. आपल्याकडे मालाचा इतिहास लिहिला गेला, बाजारपेठांचा लिहिला गेला, पेठा वसवणाऱ्या सरदारांचा तर पोटभर लिहिला गेला. माल ज्याच्या पाठीवरून गेला त्याचा मात्र लिहिला गेला नाही. आणि आता पाठ मधून निघून जाण्याची वेळ आली असताना तरी तो आपण लिहायला हवा, नाहीतर ही गाडी म्हणजे आकाशातून पडलेला चमत्कार आहे असे आपल्या पोरांना वाटेल.

माझे आजोबा उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आजच्या धाराशिवच्या) एका गावात तराळकी करीत. निजामाच्या राज्यात काय किंवा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात काय, महाराच्या वाट्याला आलेल्या कामांची यादी फारशी वेगळी नव्हती. साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायची, मेलेले ढोर ओढायचे, मयताचा सांगावा गावोगाव न्यायचा, आणि सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे सामान पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत डोक्यावर न्यायचे. ह्याला वेठ म्हणत. मजुरी नाही, वतन म्हणून नावापुरती जमीन आणि बलुते म्हणून दारोदार मागून आणायची भाकर. मुंबई इलाख्यात १८७४च्या वतन कायद्याने ह्या गुलामीवर सरकारी शिक्काच मारला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. एका माणसाच्या नावावर वतन आणि राबायचे सगळ्या घराने, दिवसाला वेळ नाही आणि रात्रीला सुटका नाही, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले. तरीही हलक्या मानलेल्या गावकामगार वतनांचा निकाल लागायला १९५८चा कायदा यावा लागला. म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर.

ह्यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. चाक ह्या देशाला हजारो वर्षांपासून ठाऊक होते. गावात बैलगाड्या होत्या, पाटलाच्या वाड्यापुढे त्या उभ्या असत. तरी साहेबाची वळकटी आणि पेटी महाराच्या डोक्यावर का गेली? कारण बैलाला वैरण लागते, गाडीला वंगण लागते, धाव झिजली की ती बदलायला लोहाराला काही द्यावे लागते. महाराच्या डोक्याला काही लागत नव्हते. जिथे माणूस फुकट मिळतो तिथे यंत्र जन्माला येत नाही. आमच्या संस्कृतीने शून्याचा शोध लावला म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी ह्याही शून्याचा कधीतरी हिशेब करावा.

बाबासाहेबांनी १९३६च्या 'जातिनिर्मूलना'त पेशव्यांच्या राजधानीचे वर्णन केले आहे. ह्याच पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा, म्हणजे त्याच्या पावलांचे ठसे तोच पुसत जाईल. गळ्यात मडके अडकवावे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडणार नाही. वाट वापरायची, पण वाटेवर आपली खूण ठेवायची नाही. त्याच ग्रंथात त्यांनी सांगितले की जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. मुंबईच्या गिरण्यांनी ते सिद्ध करून दाखवले होते. तेथे वाफेवर चालणारी विलायती यंत्रे आली, पण विणकाम खात्याची दारे अस्पृश्याला बंद राहिली. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. चांगला पगार त्याच खात्यात होता. १९२८-२९च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना ह्याचा जाब विचारला. तेव्हा जे अभियंते आज आम्हाला सांगतात की यंत्राला जात नसते, त्यांचे म्हणणे निम्मेच खरे आहे. यंत्राला जात नसते; यंत्राच्या कोणत्या बाजूला कोण उभा राहील ह्याला असते.

पुणे परिसरात आमच्या माणसाला वेठीतून पहिली फट दिसली ती लष्करामुळे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९चा. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास देहूरोडला लष्करी कोठारे उभी राहिली. पेट्या वाहण्याचेच काम, पण पगारी. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा तो कामगार मग आपल्या पैशातून वर्गणी काढू लागला. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा समोर बसलेल्या समाजात हा ओझी वाहणारा कामगार होता. धर्मांतराच्या सोहळ्याला अजून पावणेदोन वर्षे होती.

योगायोग असा की बिनचालकाची गाडी जन्मली तीही १९५४च्या सुमारास. अमेरिकेतील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने मालाचे गाडे ओढणारे एक वाहन केले. तारेतून वीज वाहत असे, वाहनावरचे यंत्र त्या तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र ओळखे आणि तारेच्या मागोमाग जाई. रूळ नाहीत, चालक नाही. ते पहिल्यांदा कामाला लागले दक्षिण कॅरोलायना राज्यातील कोलंबिया गावात, एका मालवाहतूक कंपनीकडे. आपल्या वाचकांना हे राज्य वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवे. त्याच १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि त्या निकालात एकत्र केलेल्या खटल्यांपैकी एक ह्याच राज्यातील काळ्या पालकांनी लढवला होता. ज्या भूमीत कापसाच्या गाठी काळ्या माणसाच्या पाठीवरून गेल्या, तेथेच पाठीशिवाय माल हलवणारे वाहन प्रथम फिरले. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. पण गुलामी कायद्याने गेल्यानंतर, पाठीला किंमत आल्यानंतर, हे वाहन आले. आधी आले नाही.

तारेनंतर चुंबकीय पट्टी आली, मग भिंतीवरच्या परावर्तकांवर लेसर किरण टाकून आपली जागा ओळखणारी वाहने आली, आणि आता तर खांब, भिंती, कपाटे ह्यांचाच नकाशा मनात धरून चालणारी आली आहेत. हे सगळे तपशील अभियांत्रिकीच्या मुलांनी सांगावेत. माझ्या दृष्टीने त्या साखळीत दोन कड्या महत्त्वाच्या आहेत.

पहिली स्वीडनमधील काल्मार येथील. व्होल्व्हो कंपनीने १९७४ साली तेथे मोटारींचा कारखाना काढला आणि सरकता पट्टा काढून टाकला. प्रत्येक मोटारीचा सांगाडा एका स्वयंचलित वाहनावर ठेवला आणि ते वाहन कामगारांच्या गटाकडे जाऊ लागले. सांगाडा कुशीवर वळवता येई, म्हणजे कामगाराला खाली निजून, डोक्यावर हात करून काम करावे लागू नये. हे भूतदयेने झालेले नाही. स्वीडनमध्ये बेकारी कमी होती, संघटना बळकट होत्या आणि पट्ट्यावरच्या कंटाळवाण्या कामाला माणसे टिकत नव्हती. मालकाला माणसाची गरज होती म्हणून वाहन माणसाच्या सोयीने वळले. विक्री घटली तेव्हा १९९४ साली हा कारखाना बंद झाला.

दुसरी कडी ॲमेझॉनची. ह्या कंपनीने २०१२ साली किव्हा नावाची कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलर देऊन विकत घेतली. किव्हाची बुटकी वाहने कपाटाच्या खाली शिरतात आणि अख्खे कपाट उचलून कामगारापुढे आणून ठेवतात. कामगाराची पायपीट वाचली. पण कपाटामागून कपाट येत राहते आणि हाताला उसंत नाही. २०२० साली तेथील शोधपत्रकारांनी कंपनीच्याच नोंदींवरून दाखवून दिले की अशी वाहने असलेल्या गोदामांत दुखापतींचे प्रमाण ती नसलेल्या गोदामांपेक्षा जास्त आहे. काल्मारचे वाहन आणि हे वाहन, जात एकच. एक माणसाच्या गतीने चालले, दुसऱ्याने माणसाला आपल्या गतीने चालवले. फरक संघटनेचा आहे.

आता पुण्याकडे येतो, कारण आपली लढाई येथे आहे.

१९७२च्या दुष्काळात माझे वडील सतरा-अठरा वर्षांचे होते. खडी फोडण्याचे काम संपले तेव्हा गावच्या दोघांबरोबर ते पुण्यात आले, काशेवाडीत राहिले आणि भवानी पेठ-नाना पेठेच्या बाजूला हमालीला लागले. शंभर किलोचे पोते. डोक्याला आणि पाठीला गोणपाट, हातात लोखंडी आकडा, ट्रकला लावलेली फळी. दिवसाला ऐंशी ते शंभर पोती म्हणजे आठ-दहा टन माल रोज एका माणसाच्या मणक्यावरून जाई. मजुरी नगावर. कारखाने कायदा १९४८चा; त्याच्या ३४व्या कलमात इजा होईल इतके ओझे कोणाला उचलायला लावू नये असे म्हटले होते, पण गोदाम म्हणजे कारखाना नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. वडिलांच्या पाठीपर्यंत ती सूचना पोचली नाही. त्यांच्या टोळीत मराठा होते, धनगर होते, मुसलमान होते, आम्ही होतो. फळीवर सगळे सारखे वाकत. पाण्याचा डेरा मात्र पहिली काही वर्षे वेगळा होता, हे वडील आजही आवाज न चढवता सांगतात.

पुण्यात १९५०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना संघटित केले. त्या लढ्यांतून १९६९चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. ह्या कायद्याचे महत्त्व आपल्या चळवळीने पुरेसे ओळखले नाही असे माझे मत आहे. आपण वतनाच्या प्रश्नावर लिहिले, गायरानावर लिहिले, राखीव जागांवर लिहिले. पण ज्या कायद्याने देशात पहिल्यांदा ओझ्याला हिशेबाच्या वहीत जागा दिली, त्याकडे तो मराठा माथाड्यांचा कायदा म्हणून पाहिले. कायद्याची रचना साधी आहे. हमालाचा एक मालक नसतो; आज हा व्यापारी, उद्या तो. म्हणून कामगार, मालक आणि सरकार ह्यांचे मंडळ करायचे, टोळीची नोंदणी करायची, मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. वडिलांच्या टोळीची नोंदणी झाली त्या वर्षी दिवाळीला आमच्या घरी पहिल्यांदा बोनस आला आणि त्यातून माझी आठवीची पुस्तके नवी आली. तोवर मी जुनीच वापरत होतो. १९७४ साली हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. तेथल्या झुणका-भाकरीवर पुण्यात शिकायला आलेली कितीतरी पोरे पदवीधर झाली. त्यांत मीही आहे.

आणि ह्याच ठिकाणी गाडीचा प्रश्न येतो. चाकण, रांजणगाव, वाघोली, सणसवाडी ह्या पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत कारखाने आणि अफाट गोदामे उभी राहिली. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे आपण दर १ जानेवारीला ज्या नगर रस्त्याने जातो, त्याच्या दोन्ही बाजूंनी आज पत्र्याची छपरे दिसतात. तेथील व्यवस्थापकांच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो: माथाडीचा त्रास. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्या ह्या भागात झाल्या, पोलिसांत गुन्हे दाखल झाले, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण गुंडांच्या आडून खऱ्या हमालाचा हक्कच त्रास ठरवला जातो. आजोबांचे ओझे फुकट होते तेव्हा ते परंपरा होते. वडिलांच्या ओझ्याला किंमत आली तेव्हा ते त्रास झाले. मग गाडी आली.

ह्यावर आपल्यातले काही मित्र म्हणतील, गाडीला विरोध करा. मला ते पटत नाही. बाबासाहेबांनी १९४५च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात ह्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून खासगी मालकी आणि नफा पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, हा त्यांच्या विवेचनाचा आशय. ज्याच्या पूर्वजांनी ओझी वाहिली नाहीत त्याने खुशाल चरख्याचे आणि घामाचे गोडवे गावेत. आपल्या कवींनीही घामाचे फार गौरवगान केले. वडिलांचे मणके एक्स-रेमध्ये पाहिल्यापासून मला त्या कविता वाचवत नाहीत. ओझे जायलाच हवे.

प्रश्न आहे तो ओझ्याबरोबर काय काय जाते ह्याचा. माथाडीची लेव्ही मजुरीवर आहे. मजुरी नाही तर लेव्ही नाही. गाडीने दहा टन माल हलवला तर मंडळाच्या तिजोरीत एक पैसा पडत नाही. म्हणजे काम करणाऱ्या हमालाची रोजी जाते ती जातेच, शिवाय म्हाताऱ्या हमालाच्या औषधपाण्याचा झराही आटतो. लेव्ही मजुरीवर का असावी, हललेल्या टनावर का नसावी? माल पाठीवरून गेला काय, गाडीवरून गेला काय, टन तोच आहे. ही मागणी माथाडी संघटनांनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी मिळून मांडली पाहिजे. कायदेतज्ज्ञ तिच्यात शंभर अडचणी काढतील. १९६९च्या आधीही, ज्याला एक मालक नाही त्याला बोनस कसला, असे विचारले गेलेच असेल.

आणखी एक. गाडी कोठे आली हे पाहिले, तसे कोठे आली नाही हेही पाहावे. पुण्याचा कचरा वेचणाऱ्या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली झाली. त्यांत बौद्ध आणि मातंग बाया मोठ्या संख्येने आहेत. २००८पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करते. त्या बाया आजही ढकलगाडी ढकलतात, जिन्यांवरून बादल्या उतरवतात. गटारात उतरण्याला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे उतरतात आणि मरतात. नव्या मोटारीचा आरसा हलवायला लेसरवर चालणारी गाडी आहे. संशोधन कशावर होते हे वाहिल्या जाणाऱ्या वस्तूवरून ठरते, वाहणाऱ्यावरून नव्हे.

त्या भेटीनंतर दोन महिन्यांनी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. देहूरोडचा मुलगा, आजोबा कोठारात कामाला होते. इतिहास घेऊन बी. ए. झालेला. कंत्राटदारामार्फत अशाच एका गोदामात लागला होता. मी मोठ्या आशेने विचारले, गाडी चालवायला शिकलास का?

तो म्हणाला, "सर, ती चालवावी लागत नाही. मला पट्टी पुसायला ठेवलंय. धूळ-तेल बसलं, कड उचलली की गाडी अडते. मग मुकादम ओरडतो."

"आणि बिघडली तर?"

"डिप्लोमावाले येतात. त्यांची खोली वेगळी आहे. आम्ही आत जायचं नाही."

पगार किमान वेतनाचा, नेमणूक अकरा महिन्यांची. गाडीच्या पुढे वाट पुसत चालणारा मुलगा पाहून पेशव्यांचे पुणे आठवणे सोपे आहे, आणि मला ते आठवलेही. पण ते त्याला सांगून काय उपयोग होता? मी त्याला संध्याकाळच्या आय. टी. आय.बद्दल सांगितले. तो म्हणाला, "पाळी बदलती आहे सर, संध्याकाळ रिकामी मिळत नाही." आमच्या महाविद्यालयांतून आम्ही दरसाल शेकडो मुलांना कला शाखेची पदवी देतो. त्या खोलीचे दार त्या पदवीने उघडत नाही, हे आम्ही मास्तर त्यांना प्रवेशाच्या दिवशी सांगत नाही. ह्या बाबतीत मी स्वतःला वगळत नाही.

घरी आल्यावर मी वडिलांना गाडीबद्दल सगळे सांगितले. ते कॉटवर पडून ऐकत होते. त्यांनी गाडीची किंमत विचारली नाही, कोणाची नोकरी गेली हेही विचारले नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "ती वापस येताना रिकामीच येती का?"

"कधी कधी येते, दादा. पण तो फेराही धरतात. बॅटरी किती गेली, वेळ किती गेला, सगळं संगणकात लागतं."

"रिकामा फेरा बी धरत्यात?"

"हो."

"आमचा कुणी धरला न्हाई," ते म्हणाले. "पोतं टाकून फळीवरनं माघारी येत होतो, ते काय उडत येत होतो का?" आणि पाठीला तेल लावायला त्यांनी आईला हाक मारली.